दादर आणि शेवई

रंग दोन होते, पण आमच्या घरात माझ्याशिवाय कोणालाही ते दोन वाटत नव्हते. भाईदास पेंटरने नव्या खोलीच्या भिंतीवर शेजारी शेजारी दोन पट्टे ओढले, मागे सरकला, डोकं खाजवलं आणि मलाच म्हणाला की वहिनी, यातला फरक तुम्हीच दाखवा. ज्याने रंग कालवला त्याला मी फरक दाखवायचा, म्हणजे लग्न लावणाऱ्या भटजींना नवरी कोणती ते सांगण्यातली गत.

शेडकार्डावर एकाचं नाव वाळूवरून होतं आणि दुसऱ्याचं बदामावरून, दोन्ही इंग्रजीत. ती नावं घरात कोणाच्या तोंडी बसेनात, म्हणून मी आमची नावं दिली. डावीकडचा दादर, उजवीकडचा शेवई. दादर म्हणजे आमच्याकडची हिवाळी ज्वारी. तिची भाकरी पांढरी नसते, पिवळीही नसते, जराशी करडेपणाकडे झुकते. तसा तो पट्टा होता. दुसऱ्यात, गव्हाच्या शेवया खाटेवर वाळल्या की येते तशी लालसर झाक होती. मला शेवई हवी होती. पण खोली माझी नव्हती, सासूबाईंची होती, आणि रंग आईच सांगेल असं माझ्या नवऱ्याने, भाग्येशने, आधीच जाहीर करून टाकलं होतं.

यात एवढं काय, असं कोणालाही वाटेल. आमच्याही घरात सगळ्यांना तेच वाटत होतं. पण या दोन पट्ट्यांपायी सासूबाईंची पथारी त्यांच्या हातून जायची वेळ आली होती, म्हणून सांगायला बसले आहे.

पथारी म्हणजे मिरची वाळवायचं मैदान. दिवाळी झाली की नंदुरबारच्या आसपास जिकडेतिकडे जमीन लाल होते, त्यात आमच्या घरासमोरचा तुकडाही असतो. ओली लाल मिरची पसरायची, उलटवायची, वाळली की देठ खुडायचे, पांढरी पडलेली निवडून काढायची आणि उरलेली पोत्यात भरायची. आमच्याकडे शेत सासऱ्यांचं, म्हणजे दोधूआबांचं, बाजार भाग्येशचा, आणि पथारी कमलबाईंची, म्हणजे सासूबाईंची. त्यांनी भरा म्हटल्याशिवाय एक पोतं शिवलं जात नाही. माल कमलबाईंच्या निवडीचा आहे म्हटलं की नंदुरबारचे व्यापारीसुद्धा पोत्यात फार खोल हात घालत नाहीत.

मी लग्न होऊन आले त्या पहिल्याच हंगामात सूपभर मिरची निवडून मोठ्या ऐटीत त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी सुपावर नुसती नजर टाकली आणि कडेची एक मिरची उचलली. तिच्या टोकाला नखाएवढा पांढरा डाग होता. “डोया शेतस का बटनं?” डोळे आहेत की बटणं, एवढंच म्हणाल्या. धुळ्यात बीएस्सी केलेल्या मुलीला हे लागायचं तेवढं लागलं. पुढे कळलं की हे वाक्य इथे सगळ्यांनाच मिळतं. आबांना मिळतं, भाग्येशला मिळतं, मजूर बायांना मिळतं, एकदा तर मीटर वाचायला आलेल्या माणसालाही मिळालं होतं.

अलीकडे मात्र त्या परीक्षा घ्यायला लागल्या होत्या. पथारीत फिरता फिरता एक मिरची उचलायची, एखाद्या बाईसमोर धरायची आणि विचारायचं, सांग बरं, कसा माल शे? बाई सांगायची की चांगली लाल आहे, किंवा टोकाला पांढरी आहे. सासूबाई मान हलवून पुढे जायच्या. बाया आपसात म्हणायच्या की मावशी आता आपल्याला तयार करताहेत. मलाही तसंच वाटायचं, आणि ते बरंही वाटायचं, कारण बोलणी खाण्यापेक्षा परीक्षा परवडली.

नवी खोली पथारीसाठीच बांधली होती. आईचे गुडघे कुरकुरायला लागले तसं भाग्येशच्या मनात आलं की तिला खाटेवर बसूनही पथारी दिसावी. म्हणून पुढच्या अंगाला खोली काढली आणि मैदानाकडे भली मोठी खिडकी ठेवली. पुट्टी झाली, प्रायमर झाला, राहिला तो रंग.

मी सासूबाईंना पट्टे बघायला बोलावलं. त्या आल्या, भिंतीपुढे उभ्या राहिल्या, पदराने चेहरा पुसला आणि म्हणाल्या, तुला आवडेल तो लाव. माझा कानांवर विश्वास बसेना. ज्या बाईने काठाचा लाल मनासारखा नाही म्हणून शहाद्याच्या दुकानात एकच लुगडं तीनदा परत नेलं, ती म्हणते तुला आवडेल तो लाव. मी म्हटलं, आई, खोली तुमची आहे. त्या म्हणाल्या की मला काय भिंत चाटायची आहे का, आणि पाठ फिरवून पथारीत गेल्या.

दुपारी आबा आणि भाग्येश जेवायला आले, तेव्हा त्यांनाही भिंतीपुढे उभं केलं. आबांचं मत पडलं की पेंटरने एकाच डब्यातून दोन पट्टे ओढले आहेत आणि दुकानदाराचं भलं केलं आहे. भाग्येशने मोबाइलवर फोटो काढला, दोन बोटांनी मोठा केला आणि फोटोतही एकच आहे असा निकाल दिला, जसं काही भिंत खोटं बोलेल पण फोटो बोलणार नाही. भाईदास तर काय, त्याला खोली आटपून तळोद्याचं काम गाठायचं होतं. तो सगळ्यांच्या होला हो म्हणत होता.

मी सकाळी एकटीच खोलीत गेले तेव्हा दोन्ही पट्टे अगदी वेगळे दिसत होते. दुपारी गेले तर मलाही फरक सांगता येईना. मग खिडकीकडे पाहिलं आणि कारण कळलं. ऊन चढलं की पथारीची लाली खिडकीतून आत येते आणि भिंतीवर पसरते. दादर लाल होतो, शेवई लाल होते, कोरा प्रायमरही लाल होतो, आणि समोर उभा राहिलेला माणूससुद्धा जरा तरतरीत दिसतो. आम्ही हंगामभर त्या लालीतच वावरत असतो, म्हणून ती आम्हाला दिसेनाशी झालेली असते. दारात मिरची पसरून ठेवायची आणि वर भिंतीचा रंग ठरवायला बसायचं, हा शहाणपणा आमच्याच लोकांनी करावा. मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं. आबा म्हणाले, मग रंग कशाला आणायचा, मिरचीच पुरे.

झालं, घराला एक चेष्टा मिळाली. चहा फिका झाला की दादर झाला, जरा कडक झाला की शेवई झाला. सासूबाईही हसायच्या आणि दोन्ही एकच म्हणायच्या. सगळे थट्टेने एकच म्हणत असताना एखादं माणूस खरोखरच एक बघत असेल, हे कोणाच्या ध्यानात येणार? माझ्याही आलं नाही. मला फक्त राग येत होता की या बाई रंग का सांगत नाहीत. रोज विचारायची, रोज त्या उद्यावर ढकलायच्या.

मधेच त्या भिंतीवर पुट्टीला फुगे आले. भाईदासने ती खरवडली, पुन्हा भरली, घासली, प्रायमर मारला आणि माझ्या धाकाने पट्टेही पुन्हा ओढले. या वेळी शेवई डावीकडे आली आणि दादर उजवीकडे. हाताला जो डबा आधी लागला तो त्याने आधी वापरला, एवढंच. मी ते पाहिलं, पण सांगायचं कोणाला? ज्यांना दोन रंग एकच, त्यांना डावं काय आणि उजवं काय.

जानेवारीत एक दिवस अवेळी आभाळ भरून आलं. पथारीवर मिरची उघडी असताना आभाळ येणं म्हणजे घरात आग लागल्यासारखी धावपळ. आबा, भाग्येश, भाईदास, मजूर बाया, सगळ्यांनी मिळून मिरचीचे ढीग केले, त्यावर ताडपत्र्या ओढल्या, कडेला दगड ठेवले. तोवर थेंब पडायला लागले. बाया गोठ्याच्या पडवीत गेल्या आणि घरची माणसं आणि भाईदास जवळ पडते म्हणून नव्या खोलीत शिरले. मी चहा घेऊन आले तर सगळे भिंतीकडे तोंड करून उभे. बाहेर ताडपत्रीखाली सगळी लाली झाकली गेली होती. खोलीत पावसाळी, राखाडी उजेड होता आणि भिंतीवर दोन पट्टे, एक दादर, एक शेवई, कोणालाही लांबूनही कळतील असे.

“आरे, ह्या ते दोन शेतस,” आबा म्हणाले. भाग्येश जवळ गेला, लांब आला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला की फरक आहे खरा. मी चहाचा ट्रे ठेवला. इतक्या दिवसांनी मान मिळाला होता, तो मी उभ्यानेच घेतला.

सासूबाई पदराने हात पुसत मागे उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, “मी ते पहिलेच सांगं व्हतं.” हे काही खरं नव्हतं. आबांना तर बायकोला पकडायची संधीच हवी असते. त्यांनी लगेच विचारलं, “मंग सांग, शेवई कोनती?”

“उजवीकडली,” सासूबाई म्हणाल्या. “इतलं दखात नही का तुम्हले?”

भाईदास मोठ्याने हसला. त्याने सांगून टाकलं की मावशी, पट्टे पुन्हा ओढताना बाजू बदलली, उजवीकडे आता दादर आहे, तुम्ही पहिलंच पाठ करून बसलात. आबांनी मांडीवर थाप मारली. भाग्येशही हसला. सासूबाई सर्वांत जास्त हसल्या आणि ताडपत्री उडते का बघते म्हणून तशा पावसात बाहेर गेल्या.

मला हसू आलं नाही. पट्टे समोर होते. ज्याला दिसतं त्याला पाठ करावं लागत नाही. मी तिथेच उभी राहिले आणि गेल्या काही महिन्यांतल्या एकेक गोष्टी डोक्यात जागच्या जागी बसायला लागल्या. मिरची कानाशी धरून हलवायची, बी वाजलं की वाळली म्हणायचं, हे त्या आधीही करायच्या. पण हल्ली फक्त तेवढंच करत होत्या. सुईत दोरा ओवायला माझ्याकडे द्यायला लागल्या होत्या. आणि परीक्षा. सांग बरं, कसा माल शे, असं त्या रोज सगळ्यांना विचारत होत्या, कारण त्यांना ते ठाऊक नव्हतं. इतक्या महिन्यांत मला किंवा कोणालाच डोळे आहेत की बटणं असं त्यांनी एकदाही विचारलं नव्हतं, हेही तेव्हाच लक्षात आलं.

संध्याकाळी त्या भाकरी करत होत्या. पुरुषमाणसं ओट्यावर होती. मी शेजारी पीठ मळायला बसले आणि हळूच विचारलं, “आई, खरं सांगा. कव्हयपासून दखात नही?”

त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. ती उलटायची वेळ त्या वासावरून ठरवत होत्या, हे मला आता दिसत होतं. मग सांगायला लागल्या, तेही माझ्याकडे न बघता. गेल्या पावसाळ्यापासून धूर भरल्यासारखं दिसत होतं. आधी संध्याकाळी, मग दिवसाही. लाल कळायचा, पण लालावरचा पांढरा डाग कळायचा नाही. त्यांच्या थोरल्या बहिणीचा डोळा फार वर्षांपूर्वी कुठल्याशा शिबिरातल्या ऑपरेशनात गेला होता. नंतर ती ओट्यावर बसून राहायची. सुना तिच्यापुढे तांदूळ निवडायला ठेवायच्या, ती निवडून द्यायची, आणि आत नेऊन सुना तेच तांदूळ पुन्हा निवडायच्या. हे सासूबाईंनी स्वतः पाहिलं होतं. बहिणीला ते कळत होतं, हेही त्यांना माहीत होतं.

“डोया गया म्हणजे पथारी गयी,” त्या म्हणाल्या. “मंग मी कोन शे आठे?”

मी पीठ मळत राहिले. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं की भाग्येशला सांगणार का.

“मी नही सांगाव,” मी म्हटलं. “पन तुम्ही देखीसन रंग सांगशात, तव्हयच खोली रंगाडसूत.”

त्या चिडल्या. मी बघून सांगेन तेव्हाच खोली रंगवायची, हा कसला हट्ट, म्हणाल्या, रंग काय, कोणताही लावा. मी उठून गेले. माझा हट्ट कसा असतो ते त्यांना लग्नापासून माहीत होतं, आणि त्यांचा कसा असतो ते मला.

दुसऱ्या दिवशी मी भाईदासला सांगितलं की तळोद्याचं काम करून ये, आमचा रंग ठरायचा आहे. तो आनंदाने शिडी घेऊन गेला. मग माझ्यावर सगळीकडून सुरू झालं. आबा म्हणाले की आता फरक दिसला तर हिला शेवई पुरेना झाली. भाग्येशने दोन दिवस समजावलं आणि तिसऱ्या दिवशी बोलणं सोडलं. शेजारपाजारचे खोली बघायला यायचे आणि कोऱ्या भिंतीवर दोन पट्टे बघून विचारायचे की हे काय आहे. मी म्हणायची, माझं डोकं फिरलंय. सासूबाई दारात उभ्या राहून हे ऐकायच्या आणि आत निघून जायच्या.

पथारीत मी त्यांच्या मागोमाग फिरायला लागले. त्यांनी मिरची उचलली की बाईला विचारायच्या आत मी जवळ जाऊन हळूच सांगायची: टोक पांढरं आहे. देठाजवळ डाग आहे. ही चांगली आहे. मला वाटलं, मी मदत करते आहे. पण माझ्या सांगण्याने त्यांची परीक्षा मोडली. आता त्या विचारत नव्हत्या, त्यांना सांगितलं जात होतं. त्यांनी मिरची उचलणंच बंद केलं. पथारीच्या कडेला उंबराखाली बसायला लागल्या, आणि भरू का असं बाया विचारायला आल्या की माझ्याकडे बोट दाखवायला लागल्या. तांदूळ निवडणारी त्यांची बहीण मी कधी पाहिली नव्हती, पण ती मला तिथे बसलेली दिसायची.

असे काही दिवस गेले. एका सकाळी चहाच्या वेळी त्या भाग्येशला म्हणाल्या, “माले डोयास्ना डॉक्टरकडे ली चाल. हाई बाई नही ते खोली रंगाडू देवाव नही.”

भाग्येशने कप खाली ठेवला आणि डोळ्यांना काय झालं विचारलं. आबा बायकोकडे बघत राहिले. मी चहाच्या पातेल्यात बघत होते. सासूबाईंनी दोनच वाक्यांत सगळं सांगून टाकलं, जसं काही कालपासूनच होतंय, आणि बशीतला चहा संपवला.

नंदुरबारच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू सांगितला, चांगला पिकलेला. एक डोळा आता, दुसरा पुढच्या हिवाळ्यात. इथवर सासूबाई मान हलवत होत्या. पण महिनाभर धूळ नको आणि मिरचीच्या तर आसपासही जायचं नाही असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा त्या खुर्चीवरून उठायलाच लागल्या. हंगाम झाल्यावर करू म्हणाल्या. मी त्यांचा हात धरून खाली बसवलं. ऑपरेशनच्या दिवशी त्यांनी माझा हात इतका घट्ट धरला की बांगडी रुतली. मीही घाबरले होते. त्यांच्या बहिणीसारखं झालं असतं तर भाग्येशने मला कधी क्षमा केली नसती, आणि मीही केली नसती. त्यांना आत नेलं तेव्हा मी बाहेर बाकावर बसून देवाला सांगत होते की हवं तर दादर लावते, मला शेवई नको.

ऑपरेशन सुखरूप पार पडलं. घरासमोर मिरची, म्हणून त्यांना थेट शहाद्याला माझ्या नणंदेकडे पाठवलं. पथारी माझ्यावर आली. मला वाटत होतं की माझे डोळे धड आहेत, तेवढ्यावर भागेल. पहिलाच ढीग मी घाईने भरायला सांगितला आणि चारच दिवसांत पोत्यांतून कुबट वास यायला लागला. डोळ्याने वाळलेली दिसली होती, कानाशी धरून कोण बघणार? सगळी पोती उसवून पुन्हा पसरली. सासूबाईंचा फोन रोज यायचा. डोळा कसा आहे असं मी विचारलं की त्या म्हणायच्या, ते राहू दे, आज बी वाजलं का ते सांग.

महिना भरल्यावर त्या परत आल्या तेव्हा शेवटची मिरची तेवढी मैदानात उरली होती. रिक्षातून उतरल्या, काळा चष्मा कपाळावर चढवला आणि ओट्यावर उभ्या असलेल्या आबांकडे कितीतरी वेळ बघत राहिल्या. तुम्ही इतके म्हातारे कधी झालात, असं त्यांनी विचारलं. आबांनी डोक्यावरची टोपी काढली आणि पुन्हा घातली.

मग त्या कोठीच्या खोलीत गेल्या. घरात वापरायला म्हणून हंगामाच्या सुरुवातीला एक पोतं ठेवलं होतं, ते सोडून त्यांनी मूठभर मिरची बाहेर काढली. तिच्यात पांढरी बरीच होती. हे कोणी भरलं, त्यांनी विचारलं. तुम्ही शहाद्याला होतात तेव्हा मी भरलं, असं मी सांगितलं. त्यांनी हातातली सुतळी पाहिली. पोत्याला गाठ त्यांच्या हातची होती. तशी दुहेरी गाठ आमच्याकडे दुसरं कोणी मारत नाही. ती सुतळी त्यांनी गुंडाळून कमरेला खोचली.

खोलीत दुपारची लाली भरली होती. डॉक्टरांच्या कृपेने म्हणा किंवा मुळातल्या नजरेने म्हणा, त्या लालीतही त्यांनी दोन्ही पट्टे वेगळे ओळखले. डावीकडे शेवई, उजवीकडे दादर, असं बोट ठेवून सांगितलं. आणि न विचारताच म्हणाल्या, “दादर लाव. लाल ते पथारी दी ऱ्हायनी ना, भिंतले आखो कशाले?”

लाली देणारी मिरची चारच महिने असते, बाकीचे आठ महिने भिंत रुखी दिसेल, असं मी म्हणून पाहिलं. त्या म्हणाल्या की माझं वर्ष चारच महिन्यांचं असतं. मी भाईदासला फोन करून दादर सांगितला. तो म्हणाला की वहिनी, एवढं करून शेवटी तोच, मग आधीच लावला असता. आता खोलीला दादरचे दोन हात झाले आहेत, आणि मला आजही वाटतं की शेवईच शोभली असती.

त्याच दिवशी ऊन उतरल्यावर आम्ही दोघी पथारीत गेलो. बाया देठ खुडत होत्या. त्यांनी मावशी आल्या म्हणून जागा करून दिली. सासूबाईंनी चष्म्यावरून पदर घेतला, एक मिरची उचलली, कानाशी धरून वाजवली, आणि माझ्यासमोर धरली.

“सांग बरं, कसा माल शे?”

मी मिरचीकडे पाहिलं. लाल होती, वाळलेली होती. चांगली आहे, भरायला हरकत नाही, असं मी सांगितलं. त्यांनी ती बोटांत फिरवून दुसरी बाजू माझ्याकडे केली. देठाखाली, अगदी कडेला, पांढरा डाग होता.

“डोया शेतस का बटनं?”

बाया हसल्या. मी खाली मान घातली, आणि मला इतकं बरं वाटलं की सांगता येत नाही. त्यांनी दुसरी मिरची उचलून समोर धरली. या वेळी टोकाचा डाग मला स्वच्छ दिसत होता. मी म्हटलं, चांगली आहे.